हापूसचे बारसे

तास संपायला पाच मिनिटे उरली असताना 'आणखी कुणाला काही विचारायचे आहे का?' असे मुलांना म्हणू नये, हे एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत मला कळायला हवे होते. पण एप्रिलच्या त्या दुपारी मी ते म्हणाले, आणि त्यापायी मला आधी पाचशे वर्षे मागे आणि मग कर्जतहून खोपोलीला जावे लागले. दुसरा प्रवास पहिल्यापेक्षा अवघड होता.

वर्ग पाचवीचा. फळ्यावर 'नाम' लिहिलेले. उन्हाने पोरे पेंगुळलेली. त्यांना जागे करावे म्हणून मी म्हटले, "आपापल्या घरच्या आंब्यांची नावे सांगा पाहू." झाले! वर्ग एकदम जागा झाला. कर्जतच्या आसपासच्या वाड्यांवरून येणारी ही मुले; त्यांच्या प्रत्येकाच्या दारी रायवळ आंबा, आणि प्रत्येक आंब्याला नाव. कुणाचा शेंदरी, कुणाचा खोबरी, कुणाचा साखरी, कुणाचा गोटी. एकाच्या आंब्याला शेपूचा वास येतो म्हणून तो शेप्या. एकीच्या बांधावरचा आंबा नुसता 'म्हातारीचा', मग ती म्हातारी कोण हे कुणाला ठाऊक नसले तरी चालेल. मी खुशीत येऊन सांगितले, "बघा, रंगावरून, चवीवरून, वासावरून, माणसावरून नाव कसे पडते ते."

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाई, हापूस कशावरून?"

"हापूस म्हणजे..." मी खडू हातात फिरवला. "हापूस म्हणजे हापूसच!"

वर्ग हसला. घंटा झाली म्हणून लाज राखली गेली.

मी शिकले जेमतेम मॅट्रिकपर्यंत. पुढे जे काही शिकले ते मुलांनी विचारलेल्या आणि मला न आलेल्या प्रश्नांच्या कृपेने. दोनतीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, त्यातल्या एकीत तर नायकनायिका पहिल्यांदा भेटतात तीच मुळी आमराईत. पण ज्या शब्दावर मी पानेच्या पाने रसाळ वर्णने लिहिली त्या शब्दाचे कूळ मी कधी विचारले नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत ते विचारायला बसले, आणि पहिल्याच दिवशी थक्क झाले. हापूस ना रंगावरून, ना चवीवरून, ना वासावरून. हापूस हे चक्क पुरुषाचे नाव आहे. 'आफोन्सो' ह्या पोर्तुगीज नावाचा हा मराठी अवतार.

आणि हे नाव तरी मूळचे पोर्तुगीज कुठे? रोमन साम्राज्य खिळखिळे झाले तेव्हा उत्तरेकडून ज्या जर्मन टोळ्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत शिरल्या त्यांतल्या व्हिसिगॉथांचे राज्य पुढे अरबांची स्वारी येईपर्यंत, म्हणजे ७११ सालापर्यंत, तिथे टिकले. राज्य गेले, त्यांची भाषाही गेली, पण त्यांनी पोरांना ठेवलेली नावे राहिली. त्यातलेच हे एक. त्याचा दुसरा भाग 'फुन्स', म्हणजे सज्ज, उत्सुक. पहिल्या भागाबद्दल पंडितांत दोन तट. कोणी तो 'कुलीन' ह्या अर्थाचा मानतात, कोणी 'लढाई' ह्या अर्थाचा. म्हणजे आपल्याकडचा रणधीर किंवा रणजित म्हणावा तसा हा आफोन्सो. राजांना शोभेल असे नाव, आणि राजांनी ते उचललेही. पोर्तुगालचे राज्य बाराव्या शतकात ज्याने उभे केले तो आफोन्सो, आणि त्याच्यामागून त्या गादीवर आणखी पाच आफोन्सो बसले.

आता गंमत पाहा. मूळ नावात 'ल' आहे. स्पॅनिश लोकांनी तो ठेवला. ते म्हणतात आल्फोन्सो. पोर्तुगीजांनी तो टाकला. ते म्हणतात आफोन्सो, आणि शेवटचा 'ओ' उच्चारतात जवळजवळ 'उ'सारखा. आफोंसु! आपल्याकडच्या पेट्यांवर झोकात जे 'अल्फान्सो' छापलेले असते त्यातला 'ल' मात्र इंग्रजी वाटेने आला. आमच्या 'हापूस'मध्ये तो नाही. म्हणजे पेटीवरचे दिमाखदार नाव फिरून आलेले आणि बाजारातल्या टोपलीवालीच्या तोंडचे 'हापूस' थेट पोर्तुगीज तोंडातून आपल्या कानात पडलेले. पुढचा 'हा' आणि मधला 'पू' कुठून आला म्हणाल, तर आमच्या खेड्यातला म्हातारा 'ऑफिस'चे 'हापिस' करतो तसाच. त्याच जिभेने, त्याच रीतीने. गुजराती माणूस हाफूस म्हणतो, कानडी माणूस आपूस म्हणतो. 'ल' कुणाच्याच तोंडात नाही.

शुद्धलेखनाच्या वह्यांत मी आजवर लाल शाईने किती शब्दांखाली 'अपभ्रंश' असे लिहिले असेल! हे वाचले त्या दिवशी ती लाल शाई मला जरा बोचली. ज्याला आपण बिघडलेले म्हणतो तेच कधीकधी मुळाशी अधिक इमान राखून असते.

मग हा आफोन्सो कोण? सगळे एकमुखाने सांगतात, आफोन्सो द अल्बुकर्क. ह्याने १५१० साली आदिलशाहीकडून गोवे घेतले, ते हातचे गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने ते पुन्हा घेतले. १५१५ च्या डिसेंबरात गोव्याच्या बंदराशी पोचता पोचता जहाजावर त्याने प्राण सोडला. तलवारीचा माणूस. त्याच्या नावाचा आंबा! पुढे गोव्यातल्या पाद्र्यांनी आंब्याची कलमे बांधण्याला उत्तेजन दिले आणि त्यातल्या एका नामी कलमाला त्या मोठ्या माणसाचे नाव पडले, असे सांगतात.

हे मला खरे मानायला हरकत नव्हती. पण पुढे एक यादी हाती लागली आणि मन डळमळले. मनुची नावाचा एक व्हेनिसचा गृहस्थ मोगलांच्या दरबारात वावरलेला, पुष्कळ हिंडलेला. गोव्यातल्या उत्तम आंब्यांची नावे त्याने लिहून ठेवली आहेत. त्यात अगदी आरंभी येतो 'निकोलाव आफोन्सो'चा आंबा. म्हणजे अल्बुकर्कच्या नावाशी ह्याचा संबंध नाही. हा कुणी निकोलाव, आफोन्सो हे त्याचे मागचे नाव. कोण होता तो? बागाईतदार? दारी एक झाड असलेला साधा संसारी? यादी बोलत नाही. त्याच यादीत एक आंबा परटाचा आहे. म्हणजे आंब्याच्या दरबारात परीट आणि निकोलाव एकाच पंगतीला.

अल्बुकर्कच्या की निकोलावच्या, ह्याचा निकाल लावणे माझ्या आवाक्यातले नाही. पण माझे मन विचाराल तर ते निकोलावच्या बाजूचे. फळाला राजाचे नाव पडण्यापेक्षा झाड लावणाऱ्याचे पडावे, असे मला आपले वाटते. बनारसचा लंगडा आंबा घ्या. पायाने अधू असलेल्या कुणा माणसाच्या दारचे ते झाड होते म्हणतात. त्या माणसाचे नाव गेले, त्याचे लंगडणे तेवढे जगभर गोड झाले. नाव टिकायचे ते असे टिकते, आणि जायचे ते असे जाते.

नाव घेण्याची आणखी एक तऱ्हा आहे. अल्बुकर्क गोव्यात होता त्याच सुमारास आफ्रिकेत काँगोच्या गादीवर एक आफोन्सो राज्य करीत होता. हा जन्माने आफ्रिकी, मूळ नाव न्झिंगा म्बेम्बा. १४९१ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याचे नाव बदलले. पोर्तुगालच्या राजाला तो बरोबरीच्या नात्याने पत्रे लिही. पण १५२६ साली त्याच राजाला त्याने कळवळून लिहिले की तुमचे व्यापारी माझी माणसे, माझ्या नात्यागोत्यातली माणसेदेखील, गुलाम म्हणून धरून नेतात. त्या पत्राखाली सही होती ती नव्या नावाची. हे वाचून मी पुस्तक मिटले. दुसऱ्याने दिलेल्या नावाने आपल्या घरची तक्रार लिहायची, ह्यात काय असते ते मला थोडेसे ठाऊक आहे.

माझेही नाव बदललेले आहे. त्यात नवल काही नाही. माझ्या वयाच्या निम्म्या बायकांचे बदललेले असेल. लग्न लागले, वरात कर्जतला आली. ताटात तांदूळ पसरले, आणि ह्यांनी अंगठीच्या टोकाने त्यात नवे नाव काढले. चांगले नाव होते. पेढे वाटले. कुणीतरी ताट उचलले, तांदूळ पुन्हा डब्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी शिजले. पण नाव मात्र राहिले. रेशनकार्डावर, शाळेच्या हजेरीपटावर, कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर तेच. जुने नाव आईच्या तोंडी तेवढे उरले. मी कधी कुरकुर केली नाही, आणि खरे सांगायचे तर मला कुरकुर सुचलीही नाही.

ती सुचली आषाढात. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, एकदा येऊन जा. सहीचे काम आहे."

भाऊ मला ताई म्हणतो. त्यामुळे माझ्या नावाचा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही.

कर्जत-खोपोली गाडी म्हणजे माझी माहेरची वाट. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली, एवढ्याच घटका. पावसात घाटाचे डोंगर धबधब्यांनी पांढरे झालेले असतात. खोपोलीहून पुढे टमटमने पाताळगंगेच्या अंगाला आमचे गाव. पूर्वी ह्या वाटेवर भातखाचरेच दिसत. आता कुंपणे दिसतात, आणि कुंपणांवर बंगल्यांच्या जाहिराती. मुंबई-पुण्याच्या मध्ये असल्याचे हे फळ. आमच्या शेतालाही गिऱ्हाईक आले होते.

त्या शेताच्या कडेला आमचा हापूस आहे. आजोबांनी अलिबागेकडून टोपलीतून आणलेले कलम. खालापूरकडचा हापूस म्हणजे रत्नागिरी-देवगडच्या हापूसचा लांबचा नातलग. २०१८ साली हापूसला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले त्यात रायगड जिल्हाही आहे, हे कळल्यावर आम्हीच चकित झालो. पण आजोबांना त्याचा केवढा अभिमान! आणि आजीला त्याची केवढी काळजी! कलम म्हणजे काय हे मी शाळेत नव्हे, तिच्याजवळ शिकले. जुनी रीत भेटकलमाची. रायवळाचे रोप मातीच्या कुंडीत वाढवायचे, ते थोर झाडाच्या फांदीशी नेऊन दोघांची साल तासायची आणि एकमेकांना बांधून ठेवायचे. जीव जडला की खालचा शेंडा छाटायचा, वरची फांदी तोडून घ्यायची. मुळे रायवळाची, फळ हापूसचे. हापूसची कोय पेरली तर हापूस येईलच असे नाही. नाव चालवायचे तर कलमच करावे लागते. आणि नाव चालते ते वरच्याचे. खालच्या खुंटाला कुणी नाव विचारीत नाही. पाणी तो ओढतो, वारा तो सोसतो, ओळंबा लागतो तोही त्यालाच.

दर पावसात जोडाच्या खालून खुंटाला फुटवा येई. आजी कोयता घेऊन जाई आणि तो छाटून टाकी. "वाढू दिला तर वरच्याला खाईल," ती म्हणे. आजी गेली त्यानंतर दोनतीन पावसाळे कुणाचे लक्ष राहिले नाही. एक फुटवा वाढला, त्याची फांदी झाली, फांदीला मोहर आला. तेव्हापासून आमच्या त्या एका झाडाला दोन जातींचे आंबे लागतात. वर हापूस, खाली बारका, दोऱ्यादोऱ्यांचा, दात आंबवणारा रायवळ. त्याला आम्ही 'खालचा' म्हणत असू. नाव असे कधी ठेवले नाही. पण लोणचे घालायचे ते आई खालच्याचेच घाली, आणि त्यासारखे लोणचे मी दुसरीकडे खाल्ले नाही.

मी पोचले तेव्हा जमीन पाहायला आलेला मध्यस्थ झाडाखालीच छत्री घेऊन उभा होता. मोठा गोड बोलणारा. "बाई, झाड आम्ही ठेवणार. योजनेचे नावसुद्धा झाडावरूनच ठरले आहे," असे म्हणून त्याने 'अल्फान्सो' आणि त्याच्यापुढे एक इंग्रजी शब्द सांगितला. मग वर पाहून म्हणाला, "ही खालची फांदी तेवढी काढू. शोभा जाते."

घरी भावाने कागद पुढे ठेवले. वडील गेल्यावर वारसांची नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आईच्या आणि त्याच्या नावाबरोबर माझेही नाव लागले होते. ते मी प्रथमच पाहत होते. माझे जुने नाव! वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव, सगळे जिथल्या तिथे. तांदळातले नाव शिजून गेले होते. हे इतकी वर्षे कुणी न पुसता राहिले होते. दुसरा कागद होता हक्कसोडपत्राचा. आणि हक्क सोडायला आधी मी मीच आहे हे सिद्ध व्हायला हवे, म्हणून तिसरा, प्रतिज्ञापत्राचा. अमुक आणि तमुक ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.

"म्हणजे," मी म्हटले, "जुने नाव खरे ठरवायचे ते एवढ्याचसाठी, की त्या नावाने पुन्हा कधी काही मागू नये?"

भाऊ खाली पाहू लागला. तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर कर्ज आहे, मुलगी कॉलेजात आहे. कायदा मला ठाऊक होता. महाराष्ट्रात १९९४ साली आणि मग देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, हे मीच वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवते. पण वर्गात शिकवणे वेगळे आणि भावाच्या घरी चहाचा कप हातात घेऊन बोलणे वेगळे. माझे हात थरथरत होते.

आई कोपऱ्यात लसूण सोलीत होती. तिने मान वर न करता मला हाक मारली, जुन्या नावाने. म्हणाली, "तुला जे वाटते ते बोल. उगाच गिळू नको."

मी बोलले. म्हटले, जमीन विकू नको असे मी म्हणत नाही. तुझी अडचण ती माझी अडचण. पण विकायची तर आपण तिघे मिळून विकू. खरेदीखतावर तुमच्या नावांच्या जोडीला माझेही नाव येऊ दे, हे सातबाऱ्यावरचे. पैशाचे मागाहून पाहू. तुझ्या मुलीच्या शिक्षणाला ते लागले तर मला आनंदच आहे. पण सोडून देण्याच्या कागदावर मी सही करणार नाही. द्यायचे असेल ते मी देईन. सोडणार काही नाही.

बराच वेळ कुणी बोलले नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. मग भाऊ म्हणाला, "ताई, हे वकिलाला विचारायला लागेल." आणि थोड्या वेळाने, "बरोबर आहे तुझे." प्रतिज्ञापत्रावर मात्र मी सही केली. दोन्ही नावांनी. जुन्या नावाची सही मला पहिल्यांदा जमली नाही, वेलांटी चुकली. मराठी शिकवणाऱ्या बाईची!

परत निघताना झाडाखाली थांबले. गावात कलमे बांधणारा एक जाणता माणूस आहे. आता भेटकलमाचा खटाटोप कुणी करीत नाही. कोय रुजून कोवळे रोप आले की त्यालाच काडी बसवतात, कोयकलम म्हणतात त्याला. आंब्याच्या घराण्यातही दिवस पालटले आहेत. वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम आणि हापूस ह्यांच्या संकराचे जे वाण १९८१ साली निघाले त्याचे नाव रत्ना, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर होऊन १९९२ साली आले ते सिंधू. आफोन्सोच्या घरात लेकी जन्मल्या, आणि त्यांना आपापली नावे मिळाली.

मी त्या माणसाला म्हटले, "दोन कलमे बांधून द्या. एक वरच्याचे, एक खालच्याचे."

तो हसला. "बाई, रायवळाचे कुणी कलम बांधते का?"

"मी बांधते असे समजा."

श्रावणात तो स्वतःच पिशव्या घेऊन कर्जतला आला. हापूसच्या पिशवीवर त्याने नाव लिहिलेले होते. दुसरीकडे बोट दाखवून विचारले, "हिच्यावर काय लिहू? उद्या दोन्ही सारखीच दिसतील, घोटाळा होईल."

मी नाव सांगितले. ते इथे लिहीत नाही. ते आईच्या तोंडीच शोभते. पहिल्याच पावसाने शाई धुऊन गेली. पण दोन्ही रोपे जगली आहेत, आणि कोणते कोणते ते मला ओळखू येते.

शाळा उघडल्यावर मी त्या मुलाला शोधून काढले. तो आता सहावीत आहे. म्हटले, "अरे, हापूस कशावरून ते सांगायचे राहिले होते. एका माणसावरून."

"कोण होता तो?" त्याने विचारले.

मी म्हटले, "राजाचा सरदार होता असे काही म्हणतात. मला वाटते, ज्याने झाड लावले तो असावा."

पोराने क्षणभर विचार केला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या म्हातारीच्या आंब्यासारखेच की!"

एवढे सोपे होते ते. मी उगाच पाचशे वर्षे हिंडले.